दहा लिलाव, शून्य करंडक

दहापैकी शून्य.

प्रो कबड्डीच्या दहा लिलावांचे आकडे माझ्या वहीत आहेत. २०१४, २०१६, २०१७, २०१८, २०१९, २०२१, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५. यातल्या प्रत्येक लिलावात सर्वांत मोठी बोली कोणत्या संघाने लावली आणि त्या हंगामाचा करंडक कोणत्या संघाने उचलला, हे दोन रकाने शेजारी शेजारी मांडले. एकाही ओळीत दोन्ही रकान्यांत तेच नाव आलं नाही. सर्वांत मोठी बोली लावणारा संघ त्याच वर्षी विजेता झालाय, असं या दहांत एकदाही घडलेलं नाही.

हा हिशेब मी पहिल्यांदा वाचून दाखवला तो ट्रॉम्बेत, जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. एका बाजूला सुकटीचा वास, दुसऱ्या बाजूला लांबवर अणुभट्टीचा घुमट, आणि मध्ये पाच-सहा जण एका मोबाइलवर वाकलेले. लिलावाची संध्याकाळ म्हणजे इथे सामन्याइतकाच दंगा. माहुलच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले एक काका, कंटेनर यार्डात सुपरवायझर असलेला त्यांचा पुतण्या, आणि कुमार गटातून नुकती बाहेर पडलेली, मांड्यांवर मॅटने सोललेल्या खुणा असलेली तीन पोरं. विषय एकच: रेडर. छापायचं तर चढाईपटू. पण मानखुर्दपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही मैदानावर विचारा, शब्द ‘रेडर’च येईल. पुतण्याचं म्हणणं होतं, "पैसा टाका, एक तगडा रेडर उचला, बाकी टीम आपोआप होते." काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "होते ना. पाहुणी होते. सेमीफायनल दुसरे खेळतात."

आता आकडे नीट बघू.

पहिला लिलाव मे २०१४ मध्ये मुंबईत झाला. पाटणा पायरेट्सने राकेश कुमारला १२ लाख ८० हजारांना घेतलं आणि तेव्हा पेपरात ‘विक्रमी’ असा मथळा शोभला. पहिला हंगाम जिंकला जयपूरने. अंतिम सामन्यात आपल्या यू मुंबाला ३५-२४ असं हरवून. २०१६ ला बंगळूरु बुल्सने मोहित छिल्लरवर ५३ लाख लावले, करंडक पाटण्याला गेला. २०१७ मध्ये संघ आठाचे बारा झाले, नवख्या यूपी योद्धाने नितीन तोमरला ९३ लाख दिले. करंडक पुन्हा पाटण्याला. २०१८ ला कोटीची वेस ओलांडली गेली. हरयाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले आणि आपल्या गटात तळाला राहिले. जिंकले बंगळूरु बुल्स. २०१९ ला तेलुगू टायटन्सने सिद्धार्थ देसाईला १ कोटी ४५ लाखांना घेतलं आणि बारा संघांत अकरावा क्रमांक मिळवला. २०२१ ला यूपीने परदीप नरवालला १ कोटी ६५ लाखांना आणलं. उपांत्य फेरीपर्यंत गेले, तिथे थांबले. २०२२ ला तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख. २०२३ ला त्याच पवनसाठी टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार. २०२४ ला थलैवाजने सचिन तंवरला २ कोटी १५ लाख. २०२५ ला गुजरातने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी २३ लाख. शेवटच्या दोन्ही संघांना बाद फेरीचं तोंडही दिसलं नाही.

या दहांत निखळ चढाईपटूवर लागलेल्या बोल्या सात. छिल्लर बचावपटू, राकेश आणि शादलू अष्टपैलू. म्हणजे लिलावाच्या टेबलावर बसणाऱ्यांनाही पुतण्यासारखंच वाटतं.

१२ लाख ८० हजार ते २ कोटी ६० लाख ५० हजार. नऊ वर्षांत वीसपट. दरसाल सुमारे चाळीस टक्के वाढ. बँकेतल्या मुदत ठेवीला नऊ वर्षांत दुप्पट व्हायला धाप लागते, हे इथे सांगायला हरकत नाही.

किंमत वाढली तशी कामगिरी वाढली का, हे तपासायला मी एकच माणूस घेतो, कारण त्याच्याइतका स्वच्छ नमुना दुसरा सापडत नाही. सिद्धार्थ देसाई. चंदगड तालुक्यातला, उंच, खांदे असे की पकडायला आलेले तिघं त्याच्यासोबतच मध्यरेषेपर्यंत ओढले जायचे. ‘बाहुबली’ हे नाव प्रेक्षकांनी दिलं. २०१८ ला यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिलाच हंगाम, आणि चढाईचे २१८ गुण. पुढच्या वर्षी टायटन्सकडे १ कोटी ४५ लाखांना. गुण किती? २१७.

एका गुणाचा फरक. भागाकार करा: २०१८ ला एक गुण यू मुंबाला सुमारे १६,७०० रुपयांना पडला, २०१९ ला तोच गुण टायटन्सला सुमारे ६६,८०० रुपयांना. माणूस तोच, खांदे तेच, दम तोच. भाव चौपट.

आणि त्याला जाऊ दिलेल्या यू मुंबाचं काय झालं? २०१९ ला ते उपांत्य फेरीत पोचले आणि बंगालशी ३५-३७ असे दोन गुणांनी हरले. टपरीवर इथे पोचल्यावर पुतण्याने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला.

यात सिद्धार्थचा दोष शून्य. त्याने २०१८ ला जे केलं तेच २०१९ ला केलं. चूक मोजणाऱ्याची आहे. लिलावातली किंमत ही गेल्या हंगामाच्या गुणांना दिलेली दाद असते. पुढच्या हंगामाच्या गुणांची ती पावती नव्हे. ३६ लाखांत २१८ गुण देणारा खेळाडू संघासाठी सोन्याची खाण असतो, कारण वाचलेल्या कोटभरात दोन कोपरे आणि एक मध्यरक्षक येतात. तोच खेळाडू दीड कोटीला घेतला की खाण संपली, उरलं बाजारभावाचं सोनं.

संघाच्या थैलीत पैसे मोजके असतात, सगळी गोम इथेच आहे. २०२३ ला प्रत्येक संघाला ५ कोटींची मर्यादा होती आणि किमान १८ खेळाडू ठेवायचे होते. पवनवर २ कोटी ६० लाख ५० हजार गेले म्हणजे थैलीतले ५२ टक्के एका माणसावर. उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख. पवनने त्या हंगामात २०२ गुण आणले, वाईट नाहीत. पण एक गुण जवळपास १ लाख २९ हजारांना पडला. त्याच लिलावात दबंग दिल्लीने आशू मलिकला ९६ लाख २५ हजारांना घेतलं होतं, त्याने २७६ गुण केले. एक गुण सुमारे ३४,९०० ला. टायटन्स २२ सामन्यांत २ जिंकले आणि सगळ्यांत खाली राहिले. मी स्वतः त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये याच टपरीवर छातीठोकपणे सांगितलं होतं की टायटन्स यंदा फायनल खेळणार. त्या पैजेचे सहा वडापाव मी चुकवले आहेत, रोख.

आता प्रश्न असा की दोनशे गुण करणारा माणूस संघात असून संघ तळाला कसा जातो? इथे नियम समजून घ्यावे लागतात, आणि जे कबड्डी फक्त टीव्हीवर बघतात त्यांच्याकडून हीच गोष्ट निसटते.

सामना ४० मिनिटांचा. एका चढाईला जास्तीत जास्त ३० सेकंद. प्रत्येकाने पूर्ण वेळ खाल्ला तर दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया, एका संघाला ४०. मुख्य चढाईपटू त्यातल्या पंधरा-वीस घेतो. बाकीच्या कोणी दुसरा-तिसरा घेतो, आणि समोरच्या संघाच्या चाळीस चढायांना तर बचावफळीच तोंड देते. म्हणजे ऐंशीतल्या साठ वेळा तुमचा दोन कोटींचा माणूस एक तर मैदानाबाहेर बसलेला असतो, नाहीतर साखळीत हात धरून उभा.

बाहेर बसलेला, हे महत्त्वाचं. चढाईपटू पकडला गेला की तो बाद. तो परत कधी येतो? त्याच्या संघातल्या दुसऱ्या कोणी गडी टिपला किंवा समोरच्याची पकड केली, तेव्हा. बोनस मिळाला तर गुण मिळतो, पण बोनसने गडी उठत नाही. म्हणजे महागडा रेडर बाकावर बसून वाट बघतो ती चौदा लाखवाल्या कोपरारक्षकाची. त्याने घोटा धरला तर साहेब आत. नाही धरला तर एकेक करत सातही गडी बाहेर, लोण, वर दोन गुण. टीव्हीवर कॅमेरा अशा वेळी त्या बाकावरच्या चेहऱ्यावर जातो. प्रेक्षकांना वाटतं, बिचाऱ्याला साथ नाही. साथ नाही कारण साथीचे पैसे त्याच्यावरच खर्च झालेले असतात.

दुसरा एक आकडा मला याहूनही बोलका वाटतो. जुलै २०१६ ते २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंतचे पाच अंतिम सामने घ्या: ३७-२९, ५५-३८, ३८-३३, ३९-३४, ३७-३६. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज सरासरी ७५. आता त्यानंतरचे चार घ्या: डिसेंबर २०२२ ला जयपूर ३३, पुणे २९, मार्च २०२४ ला पुणे २८, हरयाणा २५, डिसेंबर २०२४ ला हरयाणा ३२, पाटणा २३, ऑक्टोबर २०२५ ला दिल्ली ३१, पुणे २८. सरासरी बेरीज ५७. अठरा गुणांनी घसरण. म्हणजे ज्या वर्षांत चढाईपटूंच्या किमती दोन कोटींच्या वर गेल्या, नेमक्या त्याच वर्षांत अंतिम सामने कमी गुणांचे होत गेले. करंडक पकडींवर जिंकला जात होता आणि पैसा चढाईवर लावला जात होता.

हे सर्वांत आधी कोणाला उमगलं, त्याचं उत्तर पुण्यात आहे. २०२३ च्या त्याच लिलावात, जिथे पवनवर विक्रम झाला, पुणेरी पलटणने दुसरी सर्वांत मोठी बोली शादलूवर लावली: २ कोटी ३५ लाख. मुख्य काम पकड. त्याने हंगामात पकडीचे ९९ गुण केले. वरवर बघितलं तर एक गुण २ लाख ३७ हजारांना, पवनपेक्षाही महाग. पण पकडीच्या गुणाचं वजन वेगळं असतं. ती पकड झाली की एक गुण तुमचा, तुमचा एक गडी उठतो, आणि समोरचा रेडर, बहुतेक वेळा त्यांचा सर्वांत चांगला, बाकावर जातो. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर एक गुण आणखी. पलटण जिंकली. अस्लम इनामदार हा नगर जिल्ह्यातला पोरगा कर्णधार होता. करंडक महाराष्ट्रात आला. पुढच्या वर्षी शादलू हरयाणाकडे, २ कोटी ७ लाखांना, त्या लिलावातही दुसऱ्या क्रमांकाची बोली. हरयाणा जिंकलं. तिसऱ्या वर्षी गुजरातने त्याला थेट पहिल्या क्रमांकाची किंमत दिली, २ कोटी २३ लाख. गुजरात पहिल्या आठांतही नाही.

हे वाचून दाखवल्यावर काका हसले. म्हणाले, "म्हणजे नंबर दोनला घ्यायचं." तसं नाही, काका. मुद्दा असा की बोली लावणारे बारा जण एकाच खेळाडूची किंमत आपापल्या अंदाजाने ठरवतात. काहींचा अंदाज कमी, काहींचा जास्त, काहींचा बरोबर. लिलाव जिंकतो तो, ज्याचा अंदाज सर्वांत जास्त असतो. म्हणजे बहुधा ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला असतो तो. ससून डॉकवर पहाटे पापलेटच्या पाटीवर बोली लावणाऱ्या कुठल्याही कोळणीला हे पाठ असतं. जिच्या हातात पाटी येते ती पहिल्यांदा मनात म्हणते, बाकीच्यांनी का सोडली?

शरीराचा जुगार वेगळाच. ऑक्टोबर २०२२. थलैवाजचा पहिलाच सामना, गुजरातविरुद्ध. २ कोटी २६ लाखांचा पवन एका चढाईपटूला धरायला गेला, पकड करताना, चढाई करताना नव्हे, आणि गुडघा गेला. हंगाम तिथेच संपला. मग थलैवाजने केलं काय? नरेंदर कंडोला नावाच्या नवख्या पोराला पुढे केलं. त्याने २४३ गुण आणले आणि थलैवाज त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेले. पवन खेळला असता तर कदाचित आणखी पुढे गेले असते, हे मान्य. पण नरेंदर बाकावरच राहिला असता, हेही तितकंच शक्य. सिद्धार्थचंही २०२१ च्या हंगामात तेच झालं. टायटन्सने त्याला १ कोटी ३० लाखांना ठेवून घेतलं आणि काही सामन्यांतच दुखापतीने तो बाहेर गेला.

हा घोळ फक्त आपल्याकडचा आहे असं समजू नका. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाचा गडी असतो. चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत घुसायचं, हे त्याचं काम. आपल्या रेडरचा सख्खा चुलतभाऊच म्हणा. कुठल्या शाळेतला सतरा वर्षांचा रनिंग बॅक कुठल्या कॉलेजला जाणार, यावर तिथले चाहते वर्षभर भांडतात. पोरांना एक ते पाच तारे दिलेले असतात आणि पाच ताऱ्यांचा पोरगा दुसऱ्या कॉलेजने पळवला की घरात सुतक. पण व्यावसायिक संघांनी एके काळी हिशेब मांडला, की हा गडी लवकर झिजतो आणि त्याची धाव पुढे वाट मोकळी करणाऱ्या पाच आडदांड गड्यांवर अवलंबून असते. २०१३ आणि २०१४ या लागोपाठ दोन वर्षांत त्यांच्या निवडीच्या पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही. पुढे ते पुन्हा घेतले जाऊ लागले, पण तो धडा तिथे विसरला गेलेला नाही. आपल्याकडे तो धडा अजून सुरूच आहे.

उलट बाजूही मांडायला हवी, नाहीतर पुतण्या मला टपरीवर बसू देणार नाही. रेडरशिवाय करंडक मिळत नाही, हे शंभर टक्के खरं. पाटण्याने लागोपाठ तीन करंडक उचलले ते परदीप नरवालच्या डुबकीवर. २०१७ च्या एका हंगामात त्याने ३६९ गुण केले, हा आकडा आजही वाचताना डोळे चोळावे लागतात. २०१८ ला बंगळूरुसाठी पवनने २७१ गुण केले आणि अंतिम सामन्यात एकट्याने २२. जयपूर २०२२ ला जिंकलं तेव्हा अर्जुन देशवालचे २९६ गुण होते. २०२५ ला आशू मलिक १ कोटी ९० लाखांना, त्या लिलावातला तिसरा महाग खेळाडू, आणि त्याची दिल्ली विजेती. रेडर हवाच. फक्त परदीप पाटण्यात महाग झाला नव्हता, महाग झाला तो तिथून निघाल्यावर. पवनही बंगळूरुला विजेता करताना दोन कोटींचा नव्हता. जिंकून देणारा रेडर संघाने आधी ओळखलेला असतो; सगळ्यांनी ओळखल्यावर फक्त बोली वाढते.

इथपर्यंत मालकांचा हिशेब झाला. ट्रॉम्बेच्या टपरीवर बसलेल्या त्या तीन पोरांचा हिशेब वेगळा आहे, आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

मुंबईत ‘रिक्रूटमेंट’ हा शब्द कबड्डीच्या तोंडी लीगच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्याचा अर्थ होता नोकरी. पोरगा मुंबई उपनगरच्या कुमार गटात चमकला की कुठल्या तरी बँकेचा, बंदराचा, रेल्वेचा, पोलिसांचा माणूस मैदानाच्या कडेला उभा दिसायचा. ‘व्यावसायिक गट’ म्हणून स्पर्धेत जो वेगळा गट असतो तो याच कंपन्यांच्या संघांचा. ट्रॉम्बेच्या आजूबाजूला तर कारखान्यांची रांगच: १९५५ साली सुरू झालेली माहुलची रिफायनरी, जी पुढे भारत पेट्रोलियम झाली, तिच्या शेजारची हिंदुस्तान पेट्रोलियम, आरसीएफ, टाटांचं वीज केंद्र, भाभा अणुसंशोधन केंद्र. भारत पेट्रोलियमच्या संघातून खेळलेला मुंबईचा रिशांक देवाडिगा जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राचा कर्णधार होता. हैदराबादला सेनादलाला ३४-२९ असं हरवून महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, आणि काही महिन्यांत यूपी योद्धाने त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लावली. त्या वर्षी कोटीची वेस ओलांडणारा तो मराठी मैदानावरचा गडी. त्याच्यानंतर सिद्धार्थ, आणि २०२४ ला अजिंक्य पवार, बंगळूरुकडे १ कोटी १० लाख ७० हजारांना. २०२५ च्या लिलावात दहा जण कोटीच्या वर गेले. त्यांत महाराष्ट्रातला एकही नाही. ज्या राज्याने हुतूतूची कबड्डी केली, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, कबड्डी दिन पाळला, त्याची ही स्थिती. हरयाणाची पोरं घेऊन जातात, हे रडगाणं टपरीवर रोज होतं. त्यांच्याकडे एकेका गावात सकाळ-संध्याकाळ मॅट पडलेली असते, हे कोणी म्हणत नाही.

कोटीवाले दहा सोडा. लिलावाच्या यादीत खालच्या टोकाला काय आहे ते बघा. २०२४ ला ‘ड’ गटाची मूळ बोली ९ लाख होती. सर्वांत महागड्या सचिन तंवरच्या आणि या गटातल्या पोराच्या किमतीत चोवीसपट अंतर. पण नऊ लाख म्हणजेही ट्रॉम्बेतल्या पोरासाठी काय? सातव्या वेतन आयोगात लेव्हल-२ ची केंद्र सरकारी नोकरी मूळ वेतन १९,९०० वर सुरू होते. नऊ लाख म्हणजे त्या मूळ वेतनाचे ४५ महिने, पावणेचार वर्षं. एका हंगामात. कोणाचं मन उडणार नाही?

फक्त हंगाम दोन-तीन महिन्यांचा, आणि पुढच्या वर्षी यादीत नाव असेलच असं कोणी लिहून देत नाही. नोकरीत महागाई भत्ता वर, घरभाडं वर, आणि साठाव्या वर्षापर्यंत पगार. चढाईपटूचं शरीर साठ सोडा, पस्तीसपर्यंत टिकलं तरी नशीब. गुडघा, घोटा, खांदा, हे तिन्ही अवयव त्याचं भांडवल, आणि प्रत्येक चढाईला सातजण त्यावर उडी मारतात.

नोकऱ्याही आता पूर्वीसारख्या दारात येत नाहीत. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बडोदा बँकेत विलीन झाली. एअर इंडियाचा संघ एकेकाळी देशातल्या बलाढ्य संघांतला. जानेवारी २०२२ ला कंपनीच सरकारी राहिली नाही. उरले रेल्वे, पोलीस, तेल कंपन्या, सैन्यदलं. काकांनी तीस वर्षं रिफायनरीच्या भोंग्यावर दिवस काढले. ते म्हणतात, "आमच्या वेळी साहेब मैदानावर येऊन नाव विचारायचा. आता तू त्याला ऑनलाइन शोधायचं."

त्या तिघांतला एक पोरगा, डावीकडून चढाई करणारा, उंचीला बेताचा पण पाय विजेसारखा, यंदा एका संघाच्या चाचणीला जाऊन आला. रात्रीच्या गाडीने गेला, दोन दिवस घासला, चौऱ्याऐंशी पोरांत उभा राहिला, परत आला. फोन आलेला नाही. घरात रेल्वेच्या खेळाडू भरतीची जाहिरात छापून ठेवलीय, भावाने. पोराने अजून फॉर्म भरलेला नाही, कारण त्याला वाटतं फॉर्म भरला म्हणजे आपण हरलो. काका त्याच्याशी वाद घालत नाहीत. ते फक्त परदीपची गोष्ट सांगतात.

परदीप नरवाल. लीगच्या इतिहासात सर्वाधिक, चढाईचे १८०१ गुण. २०२१ ला १ कोटी ६५ लाख. २०२४ ला बंगळूरुकडे ७० लाख. २०२५ च्या लिलावात नाव पुकारलं गेलं तेव्हा बारा टेबलांपैकी एकावरूनही पाटी वर गेली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने निवृत्ती जाहीर केली. वय २८.

तेव्हा ट्रॉम्बेतल्या, मानखुर्दमधल्या, चेंबूर कॅम्पातल्या ज्या कोणाच्या घरात असा पोरगा असेल त्यांना एवढंच सांगणं. चाचणीला जरूर पाठवा. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेची मूळ प्रमाणपत्रं कपाटात वर पडलेली असतील, ती आज खाली काढा. पडताळणीचा अर्ज जाहिरात येण्याच्या आधी करा. जाहिरात आल्यावर रांग लागते.